जिभेवरचं वजन

जानेवारीत इथे डिझेल गोठून साबणासारखं होतं.
म्हणून काल रात्री इंजिनाची वायर
शेडच्या भिंतीतल्या प्लगमध्ये खोचून ठेवली,
आजारी गाय दावणीला बांधावी तशी.
पहाटे उणे सव्वीस. ट्रक एका किल्लीत उठला.
लायल खिडकीतून बघत होता.
त्याने डाव्या हाताचा अंगठा वर केला.
उजवा हात सप्टेंबरपासून मांडीवर असतो,
कुणी सांभाळायला देऊन विसरून गेल्यासारखा.

शब्दही त्याच सकाळी गेले. सगळे नाही.
'हो' राहिला, 'च्‌' राहिलं,
आणि एक शिवी,
जी नेमकी पाद्रीबाई आल्या तेव्हा बाहेर पडली.

चाळीस वर्षं मधमाश्यांच्या पेट्या त्याने नेल्या
नॉर्थ डकोटातून कॅलिफोर्नियाच्या बदामबागांत.
मी शेजारी बसून नकाशा धरायचे.
यंदा मी चालवणार.
ड्वेन म्हणाला, आर्डिस, विकून टाक सगळं.
मी म्हटलं, आधी मागच्या चाकांत हवा भर. ऐंशी.

ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला इकडे जीभच म्हणतात.
सगळं गणित तिचं.
शंभर किलोंतले दहा ते पंधरा तिच्यावर हवेत.
कमी पडले तर भर रस्त्यात ट्रेलर झुलायला लागतो
आणि कोण कुणाला ओढतंय ते कळेनासं होतं.
जास्त झाले तर ट्रक ढुंगणावर बसतो, नाक वर,
पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवत जातात.
शहाण्णव पेट्या.
ड्वेनच्या फोर्कलिफ्टने आठ पुढे सरकवल्या, दोन परत मागे.
जिभेखाली काटा ठेवला: सहाशे चाळीस.
लायल म्हणाला, हो.

त्याला गोधडीत गुंडाळून शेडच्या दारात बसवलं, हीटरपाशी.
मी ट्रक मागे घेत गेले
आणि आरशात फक्त त्याचा डावा हात:
ये, ये, थोडी उजवीकडे, ये,
मूठ.
उतरून पाहिलं, तर बॉल बरोबर खोबणीखाली.
लग्नानंतर इतकं बिनभांडणाचं आम्ही
काहीच जोडलं नव्हतं.

पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर त्याच्या पेन्सिलची रेघ आहे,
ट्रक मोकळा असतानाच्या उंचीची.
जीभ टेकवली तशी रेघ दोन बोटं वर गेली.
स्प्रिंगच्या कांबींची साखळी एक कडी आवळली. एक बोट.
अजून एक कडी, पाइप लावून, अख्ख्या अंगाने रेटून.
टेप धरला. रेघ जागेवर.
वजन कमी नाही झालं,
चारी चाकांनी वाटून घेतलं इतकंच.

हात झटकले. दिवे लागत होते, वायर जोडली होती,
आरसे सशाच्या कानांसारखे बाहेर ओढले होते.
मागून काठीची टकटक.
थंडी वाजत असेल म्हणून मी हीटर वाढवला.
पुन्हा टकटक. त्याचं तोंड
एखादं जाम झाकण उघडावं तसं वाकडं होत होतं, आणि मग
"फुली."

सुरक्षेच्या साखळ्या मी सरळ लावल्या होत्या,
डावी डावीकडे, उजवी उजवीकडे.
त्या खालून फुली मारून लावायच्या असतात,
म्हणजे बॉलवरून सुटून जीभ पडलीच
तर डांबरात रुतायच्या आधी
झोळीत पडते.

चार महिन्यांतला पहिला नवा शब्द,
तोही ट्रेलरचा.
मी बर्फात उताणी होऊन खाली सरकले,
साखळ्या काढल्या, अदलाबदल करून अडकवल्या.
वर यायची घाई केली नाही.
तिथून पेट्यांचा आवाज ऐकू येत होता,
जाळीआड, लाकडाआड,
शेजारच्या घरात कुणीतरी न थांबता
काहीतरी सांगत असावं तसा.

मग अंगणात एक फेरी मारली.
ट्रेलरच्या ब्रेकची पट्टी अंगठ्याने दाबली,
मागून हलकासा हिसका आला. चाकं घसरली नाहीत.
मोन्टानाचे घाट उतरताना इंजिनच धरून ठेवील,
ते बटण कुठलं हे त्याने बोटाने दाखवलं. दोनदा.

त्याला शेजारच्या सीटवर चढवलं, पट्टा लावला,
नकाशा मांडीवर दिला, त्या विसरलेल्या हाताखाली.
गिअर टाकला.
ट्रक गुरगुरला आणि जागचा हलेना.
"च्‌," लायल म्हणाला.

हँडब्रेक.